पावसाळ्यात चार्जिंग पोर्टमधील ओलाव्याची सूचना पुन्हा पुन्हा का येते आणि ती कशी थांबवावी

मृग लागून पावसाने जम बसवला की गोव्याच्या किनारपट्टीवरील घरांत एक तक्रार हमखास सुरू होते. रात्री फोन चार्जिंगला लावताच पडद्यावर पाण्याच्या थेंबाचे चिन्ह येते, पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना झळकते आणि चार्जिंग थांबते. फोन पाण्यात पडलेला नसतो, पावसात भिजलेलाही नसतो. पुसून, फुंकर मारून, तासभर पंख्याखाली ठेवून सूचना जाते, आणि दोन-तीन दिवसांनी, बहुधा पहाटेच्या सुमारास, ती पुन्हा हजर होते.

आमचे घर पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठी, मिठागरांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. काही वर्षांपूर्वी आईच्या फोनला हाच त्रास सुरू झाला तेव्हा आम्ही तो एका दुरुस्ती केंद्रात दिला. तेथे चार्जिंग पोर्टचा छोटा बोर्ड, ज्याला दुरुस्तीवाले सब-बोर्ड म्हणतात, बदलून मिळाला, आणि तिसऱ्या आठवड्यात सूचना पुन्हा आली. नवा भाग आठवड्या-दोन आठवड्यांत खराब होत नाही. म्हणजे दोष भागात नसून त्या भागावर बाहेरून येऊन बसणाऱ्या कशात तरी होता. ते काय आहे हे समजायला स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पुरेशी ठरली.

एप्रिलमध्ये सुटे असलेले मीठ जुलैत ओथंबते, चमच्याला चिकटते, बरणीच्या तळाशी पाणी साचते. त्यात कोणी पाणी घातलेले नसते. खाण्याच्या मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा, गुणधर्मच असा आहे की हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले बाष्प ओढून घेते आणि त्यातच विरघळते. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचाही अंश असतो, आणि हे दुसरे मीठ तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरू लागते. म्हणून जाडे मीठ बारीक मिठाच्या आधी पाझरते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत मिठाचा कण कोरडा राहू शकत नाही, मग तो बरणीत असो वा फोनच्या पोर्टमध्ये.

पोर्टमध्ये मीठ येते ते अनेक वाटांनी. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर आत जमिनीवर येतात आणि त्यांतले पाणी उडून गेले तरी मीठ उरते. घामात मीठ असते, आणि खिशात घामाने ओला होणारा फोन दिवसभर तोंड खाली करून तेच शोषत असतो. खिशातल्या कापडाचे तंतू पोर्टच्या तळाशी जाऊन दाबले जातात आणि त्यांचा बोळा हे मीठ धरून ठेवतो. मासळी साफ करताना मध्येच वाजलेला फोन ओल्या हाताने उचलण्याची सवयही यात भर घालते.

पंख्याने किंवा उन्हाने पोर्टमधले पाणी जाते आणि मीठ तसेच राहते. पुढच्या दमट रात्री तेच मीठ पुन्हा पाणी ओढते. म्हणून केवळ वाळवण्याचा प्रत्येक उपाय दोन-तीन दिवसांपुरता असतो. मीठ धुऊन काढल्याशिवाय ही तक्रार मिटत नाही. तांदळाच्या डब्यात फोन पुरून ठेवण्याचा सल्ला तर सोडूनच द्यावा. जुलैतला तांदूळ स्वतःच सादळलेला असतो, आणि त्याचे पीठ पोर्टमध्ये शिरून ओलाव्याबरोबर खळीसारखे चिकटते. अ‍ॅपल कंपनीच्या मदतपानावरही आयफोन तांदळात ठेवू नये, कारण तांदळाचे बारीक कण नुकसान करू शकतात, असे स्पष्ट म्हटलेले आहे.

ही सूचना खोटी समजून टाळणे महागात पडते, म्हणून तिच्यामागचे कारणही सांगतो. फोन पोर्टमधल्या काही पिनांवर अगदी क्षीण विद्युतप्रवाह सोडून त्यांच्यामधला विद्युतरोध मोजतो. पोर्ट कोरडे असेल तर पिनांमधून वीज जवळजवळ वाहत नाही. खारे पाणी दोन पिनांना जोडत असेल तर रोध घटतो आणि फोन चार्जिंग थांबवतो. त्या पिनांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा, त्याखाली निकेल आणि त्याखाली तांब्याचा मिश्रधातू असतो. खाऱ्या पाण्यात वीज वाहू लागली की धन बाजूच्या पिनेचा धातू विरघळू लागतो, मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून तांबे उघडे पडते आणि हिरवट थर धरतो. साध्या चार्जिंगचा दाब ५ व्होल्ट असतो, जलद चार्जिंगमध्ये तो ९ व्होल्ट किंवा त्याहून अधिक होतो, आणि दाब वाढला की ही झीजही वेगाने होते. सूचना आली असताना फोन बंद करून, किंवा तीच केबल पुन्हा पुन्हा खोचून, जबरदस्तीने चार्ज करण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते; खाऱ्या पोर्टमध्ये ती पिना खाऊन टाकते.

आता निदान. सर्वप्रथम सूचना कोणत्या वेळी येते ते चार-पाच दिवस टिपून ठेवावे. दिवसा हातात आणि खिशात वापरात असलेला फोन थोडा गरम राहतो, त्यामुळे पोर्टमधली हवा तुलनेने कोरडी असते. रात्री टेबलावर थंड पडलेल्या फोनमध्ये मीठ अधिक पाणी धरते. सूचना पहाटे येऊन दुपारी जात असेल तर मिठाचा संशय जवळजवळ पक्का धरावा. वेळेचा काहीच मेळ नसेल आणि कडकडीत कोरड्या दिवसांतही ती येत असेल तर पोर्टचा बोर्ड किंवा प्रणालीतला बिघाड तपासावा लागेल. त्यानंतर केबल पाहावी. सूचना एकाच केबलने येते की कोणत्याही, आणि काहीच जोडलेले नसतानाही येते का, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. एकाच केबलने येत असेल तर दोष त्या केबलच्या टोकात आहे. काही न जोडता येत असेल तर तो पोर्टमध्ये आहे.

केबलकडे फारसे कोणी पाहत नाही, पण मला ती अर्ध्या तक्रारींचे मूळ वाटते. जुन्या पद्धतीच्या चौकोनी टाइप-ए सॉकेटाचा चार्जर भिंतीत चालू असेल तर त्याच्या केबलच्या दुसऱ्या टोकावर फोन जोडलेला नसतानाही ५ व्होल्ट सतत असतात. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमध्ये समोर उपकरण आहे अशी खात्री झाल्याशिवाय चार्जर वीज सोडत नाही. पहिल्या प्रकारची केबल आपल्या दमट खोलीत रात्रंदिवस लोंबकळत राहिली की तिच्या टोकावरची मिठाची पुटे ओली होतात आणि तिथेच धातू खाल्ला जातो. टॉर्चच्या उजेडात टोक पाहिले तर एक-दोन पिना काळ्या पडलेल्या दिसतात. अशी केबल घासून वापरू नये, टाकून द्यावी, कारण ती चांगल्या पोर्टलाही बिघडवते. आमच्या घरी आईच्या फोनचा नवा बोर्ड बिघडवणारी केबल हीच होती. फोन दुरुस्तीला दिला आणि केबल मात्र तीच ठेवली, ही चूक आमची होती. फोन काढला की भिंतीवरचे बटण बंद करणे, एवढी सवय या बाबतीत पुष्कळ काम करते.

पोर्ट पाहताना फोन बंद करून चांगल्या उजेडात त्याच्या आत डोकवावे. करड्या किंवा निळसर तंतूंचा बोळा दिसला तर तोच पहिला काढायचा. पांढरी पूड बहुधा मिठाची असते. हिरवट डाग म्हणजे तांब्यापर्यंत झीज पोचलेली आहे, आणि काळा जळका डाग असेल तर घरी काही करू नये, तो फोन कारागिराकडेच न्यावा. फोन अजून हमीच्या मुदतीत असेल तर पुढचे काहीही करण्याआधी कंपनीच्या अधिकृत केंद्राला दाखवावा, कारण घरी केलेली साफसफाई नंतर अडचणीची ठरू शकते.

साफसफाईचा क्रम महत्त्वाचा आहे आणि त्यातच बहुतेकांची गफलत होते. दुरुस्तीवाले आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, वापरतात हे पाहून लोक तेवढेच आणून लावतात. शुद्ध ९९ टक्के आयपीए तेलकटपणा आणि चिकट मळ चांगला काढते, पण मीठ त्यात जवळजवळ विरघळत नाही. मीठ पाण्यातच विरघळते. म्हणून आधी पाणी आणि मग आयपीए, असा क्रम धरावा. पाणी मात्र डिस्टिल्डच हवे. विहिरीचे मचूळ पाणी किंवा नळाचे पाणी स्वतःबरोबर क्षार घेऊन येते. पावसाळ्यात वीज जाते म्हणून अनेक घरांत इन्व्हर्टर असतो आणि त्याच्या बॅटरीत घालायची डिस्टिल्ड पाण्याची बाटलीही असते. न उघडलेल्या बाटलीतले चमचाभर पाणी वाटीत घेतले तरी पुरते.

फोन पूर्ण बंद करून, कव्हर काढून, पोर्टचे तोंड खाली येईल असा धरावा, म्हणजे ओघळ आत जाणार नाही. प्रथम लाकडी दातकोरणीचे टोक चपटे करून तंतूंचा बोळा हलक्या हाताने बाहेर ओढावा. टाइप-सी पोर्टच्या मध्यभागी एक पातळ जीभ असते आणि सगळ्या पिना तिच्यावरच असतात. ती तुटली तर पोर्ट संपले, म्हणून सुई, टाचणी किंवा सेफ्टी पिन कधीही आत घालू नये. दातांच्या फटी साफ करण्याच्या ब्रशात मध्ये तार असते, तोही नको. मऊ नायलॉनच्या केसांचा बारीक ब्रश घ्यावा, तो डिस्टिल्ड पाण्यात बुडवून कापडावर टिपावा, म्हणजे तो ओलसर राहील पण त्यातून थेंब पडणार नाही, आणि जिभेच्या दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा फिरवावा. दर वेळी ब्रश स्वच्छ पाण्यात खळबळून टिपायला विसरू नये, नाहीतर काढलेले मीठच परत लावले जाते. यानंतर दुसरा, कोरडा ब्रश आयपीएमध्ये भिजवून दोन-तीन वेळा फिरवावा. ते उरलेल्या पाण्यात मिसळते आणि त्याला घेऊन लवकर उडून जाते. आयपीए चटकन पेट घेते, म्हणून देवघरातली समई किंवा गॅसची शेगडी जवळ असताना हे काम करू नये. त्याऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर वापरू नये, कारण त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि ते मागे राहून स्वतःच ओलावा धरते.

ज्या फोनला जलरोधकतेचे कोणतेही मानांकन नाही, त्यात पाण्याचा ब्रश अधिकच कोरडा टिपून घ्यावा, आणि हाताला खात्री वाटत नसेल तर हे काम कारागिराकडून करून घ्यावे. आयपी६८ असे मानांकन असलेल्या फोनची चाचणीही गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या पाण्यात नव्हे, आणि आतली रबरी बंधने वर्षागणिक सैल होतात, हे लक्षात ठेवावे.

आता वाळवणे. जुलैच्या हवेत पंख्याखाली ठेवलेली वस्तू फार सावकाश वाळते, कारण पंखा तीच दमट हवा फिरवत असतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पाच-सहा मोठ्या पुड्या घालून फोन रात्रभर त्यात ठेवावा. रंग बदलणारे नारिंगी सिलिका जेल घेतले तर ते केव्हा भरले हे कळते. निळ्या जातीत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असते, म्हणून लहान मुलांच्या घरात ती टाळावी. भरलेले दाणे ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. केस वाळवण्याचे यंत्र वापरू नये, कारण त्या उष्णतेने आतले गोंद सैल होतात. सायकलच्या दुकानातल्या हवेच्या नळीने फुंकर मारून घेण्याचाही मोह टाळावा; त्या टाकीत साचलेले पाणी आणि तेल हवेबरोबर सरळ पोर्टमध्ये जाते.

दुसऱ्या दिवशी पहिले चार्जिंग साध्या ५ व्होल्टच्या चार्जरने आणि चांगल्या केबलने करावे, आणि पंधरा मिनिटांनी टोकाला हात लावून पाहावे. कोमट ठीक, गरम नको. मीठ हेच कारण असेल तर येथे तक्रार थांबते. आईचा फोन त्या वर्षी चवथीपर्यंत एकदाही कुरकुरला नाही. एवढे करूनही सूचना राहिली तर काही अँड्रॉइड फोनांत यूएसबी सेटिंग्ज नावाच्या प्रणाली-अ‍ॅपची साठवण रिकामी करून फोन पुन्हा सुरू केल्याने अडकलेली सूचना जाते. तेही निष्फळ ठरले तर पोर्ट बदलावेच लागते. त्या वेळी कारागिराला पोर्ट काढल्यावर खालचा बोर्डही आयपीएने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगावे, कारण पोर्टच्या मुळाशी राहिलेले मीठ नव्या पोर्टलाही गाठते. सूचना नसतानाही पोर्टमध्ये मीठ साचतच असते, म्हणून समुद्रकाठच्या घरांनी मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि श्रावणात एकदा ही धुलाई करून घ्यावी असे माझे मत आहे.

ओलाव्याची आणखी एक वाट मिठाशिवायची आहे, आणि ती वातानुकूलित खोलीतून बाहेर पडणाऱ्यांची. हवा २७ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर येतो. २२ अंशांच्या गाडीतून किंवा कार्यालयातून बाहेर आणलेल्या थंड फोनवर मग थंड पाण्याने भरलेल्या तांब्याप्रमाणे दव धरते, पोर्टच्या आतही. अशा वेळी फोन वीस मिनिटे खिशात राहू द्यावा आणि मगच चार्जिंगला लावावा. पोर्टची रबरी बुचे स्कूटरवरून जाताना किंवा किनाऱ्यावर उपयोगी पडतात, पण ओल्या पोर्टवर लावली तर ओलावा आतच कोंडतात.

हेच मीठ कपाटातल्या जुन्या फोनचाही घात करते, आणि त्याकडे आपले लक्ष जात नाही. नवा फोन आला की जुना चिऱ्याच्या भिंतीतल्या कपाटात जातो. ती भिंत पावसाळाभर ओल धरून असते, फोन थंड पडून राहतो, बॅटरी शून्याच्या खाली उतरते, आणि वर्षाने काढला तर तो चालू होत नाही. माझा अनुभव असा की वापरात असलेला जुना फोन ठेवून दिलेल्या फोनपेक्षा जास्त टिकतो, कारण रोज थोडा गरम होण्यानेच त्याच्यातला ओलावा हटतो. आईचा त्याआधीचा फोन आज भजनाच्या सरावाला तानपुऱ्याचे काम करतो, त्याच्यावर संगीताचे एकच अ‍ॅप आहे आणि बाकी सगळे काढून टाकले आहे. जुना फोन कागदपत्रांची चित्रे घ्यायला, रेडिओ ऐकायला, किंवा वीज गेल्यावर दुसऱ्या सिमवर इंटरनेट वाटायलाही उत्तम चालतो. सुरक्षेची अद्यतने बंद झालेल्या फोनवर बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार मात्र ठेवू नयेत. पोर्ट पूर्ण निकामी झाले असेल आणि फोन बिनतारी चार्जिंगचा असेल, तर त्या एका दोषापायी तो टाकून देण्याचे कारण नाही.

जुन्या फोनला घरावर नजर ठेवणारा कॅमेरा करून कायमचा चार्जरला जोडून ठेवण्याची पद्धत वाढली आहे, तिथे मी सावध करीन. लिथियम-आयन बॅटरी सतत १०० टक्क्यांवर आणि उष्णतेत राहिली की तिच्यात वायू धरतो आणि ती फुगते. भिंतीच्या सॉकेटात बसणारा २४ तासांचा टायमर लावून दिवसातून दोन तासच वीज द्यावी, किंवा फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर ती चालू करावी. वापरायचाच नसलेला फोन निम्म्या चार्जवर बंद करून, पोर्ट धुऊन, सिलिका जेलसह घट्ट डब्यात ठेवावा आणि दर तीन महिन्यांनी काढून पुन्हा निम्म्यावर आणावा.

पाठ उचललेला किंवा पडदा वर आलेला फोन चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. तो लाकूड-कापडापासून दूर, फरशीवर किंवा पत्र्याच्या ताटात ठेवून शक्य तितक्या लवकर दुरुस्तीवाल्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे सोपवावा, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीत घालू नये. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ यांनुसार विकलेल्या उपकरणांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि ते काम नोंदणीकृत केंद्रांतूनच व्हायला हवे. देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढावे, आधी गुगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यातून बाहेर पडावे आणि मगच फोन मूळ स्थितीत आणावा. हा क्रम उलटा झाला तर फोन कुलूपबंद राहतो आणि चांगला पडदा, कॅमेरा असूनही पुढच्या माणसाला तो पुन्हा चालू करून वापरता येत नाही.